भीमेतले मासे कमी झाले, की बदलले?

मंगळवेढा म्हटलं की ज्वारी आणि दामाजीपंत. मासे कुणाला आठवत नाहीत. पण भीमा आपल्याच तालुक्याच्या कडेनं वाहते, आणि तिच्या खोऱ्यातल्या माशांची शास्त्रीय नोंद 1839 सालची आहे.

मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साईक्स 1824 पासून दख्खन फिरला. त्यानं इथले मासे गोळा केले आणि लंडनला त्यांची वर्णनं छापली. गंमत म्हणजे बऱ्याच माशांना त्यानं आपल्याकडचीच नावं दिली : खुडरी, शिंगटी, कोळस, फुलंगी. जगभरचे शास्त्रज्ञ दख्खनच्या महसीरला आजही 'टॉर खुडरी' म्हणतात. ही नावं त्याला नदीकाठच्या भोई-कोळ्यांनीच सांगितली असणार. माशांना माणसांची नावं लागली ती मात्र ओगिल्बी, व्हिगर्स, यारेल या साहेबांची. असो.

साईक्सची यादी कोणते मासे होते ते सांगते, किती होते ते नाही. अडचण तिथंच आहे. 1980 ला उजनी झालं, 117 टीएमसीचं. पावसाळ्यात पुराच्या उलट वर चढून अंडी घालणाऱ्या माशांच्या वाटेत भिंत आली. खाली आपल्याकडं नदी आवर्तनावर वाहायला लागली. धरणात रोहू, कटला, मृगळाचं बीज सोडलं, ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. चिलापी तर आफ्रिकेची, भारतात 1952 ला आली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षात अनेकदा वीण होते. ती कशातही टिकते.

त्यामुळं मासळी किलोवर मोजली तर सगळं ठीक दिसतं. पाटी भरलेली असते, आत मासा दुसराच असतो. माझ्या मते आपली फसगत इथंच होते. एखादा मासा टिकेल का, हे ठरवायला वजन पुरत नाही. पकडलेला मासा केवढा होता, एकदा तरी व्यायला होता का, गाभोळीचे मासे कोणत्या महिन्यात जाळ्यात आले, हे कळायला पाहिजे. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लंच गेली तर पुढच्या सालचा धंदाही गेला, आणि पोट भोई-कोळ्यांचंच मारलं जातं.

राज्यानं 2023 ला 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, पण ती यादी समुद्राची. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात महसीरची पैदास होते आणि जागतिक यादीत खुडरी आता धोक्याबाहेर आहे. त्यावरून आपल्या भीमेत ती आहे की नाही, ते कळत नाही.

बाजारात शिंगटी किती दिवसांनी येते, केवढी येते, हे वहीत लिहायला कुणाची मंजुरी लागत नाही. या पावसाळ्यापासून मी लिहिणार आहे. जुन्या भोई मंडळींनी माशांची नावं तेवढी सांगावीत.