पाव इंचाचा इतिहास

दिवाळी जवळ आली की आपल्या घरोघरी एक जुना वाद नव्याने रंगतो. चकलीची भाजणी घरी करायची की तयार आणायची? तयार भाजणीत धान्यांचे प्रमाण ठरलेले, भाजण्याची कटकट नाही आणि चकली बिघडण्याची भीतीही कमी. घरच्या भाजणीत प्रमाण आपल्या हाती. पण चकली तेलात विरघळली तर बोलणी कोणी खायची, हेही ठरलेलेच! हाच वाद समुद्रापलीकडे, अमेरिकेत, मोटारीच्या इंजिनावरून गेली कित्येक वर्षे चालू आहे. आणि मौज अशी, की त्या वादाच्या मुळाशी जेमतेम पाव इंच लोखंड आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. इंजिनाचा मुख्य ठोकळा, त्यात बसवलेला क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन एवढा भाग जोडून मिळतो, त्याला ‘शॉर्ट ब्लॉक’ म्हणतात. वरचे हेड, कार्बुरेटर वगैरे सरंजाम आपण चढवायचा. थोडक्यात, ही तयार भाजणी. चकल्या आपणच पाडायच्या. दुसरा प्रकार ‘स्ट्रोकर’. यात मूळचा क्रँक काढून अधिक लांब फेकीचा क्रँक बसवतात. त्यामुळे पिस्टनची वर-खाली धाव वाढते, सिलिंडरात अधिक हवा आणि इंधन मावते आणि बाहेरून तेच दिसणारे इंजिन आतून मोठे होते.

ही कथा सुरू होते १९३२ मध्ये. अमेरिका मंदीच्या खाईत होती आणि त्याच वर्षी हेन्री फोर्डने आठ सिलिंडरांचे, व्ही आकाराचे इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणले. तोवर आठ सिलिंडर म्हणजे श्रीमंतांचा थाट. फोर्डने तो सारा ठोकळा एकसंध ओतून स्वस्तात काढून दाखवला. त्याचे आकारमान २२१ घनइंच, पिस्टनची धाव पावणेचार इंच आणि शक्ती ६५ अश्वांची. काही वर्षांतच या गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि खिशात थोडे पैसे असलेल्या पोरांच्या हाती पडल्या.

दक्षिण कॅलिफोर्नियात मुरॉकसारखी कोरडी सरोवरे आहेत. पाणी आटून तळ फरशीसारखा सपाट झालेला. तिथे ही पोरे गाड्या पळवू लागली. १९३७ मध्ये त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन एक संघटनाही उभारली. महायुद्ध संपल्यावर परतलेल्या तरुणांपैकी अनेकांच्या हातांना आता यंत्रांची चांगली सवय झाली होती. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले आणि जे गुपित दोन-चार गॅरेजांत होते, ते देशभर पसरले.

अशा वेळी, १९४९ मध्ये, फोर्डच्याच मर्क्युरी गाडीत नवा क्रँक आला. त्याची धाव चार इंच, म्हणजे पूर्वीपेक्षा पाव इंच जास्त. हौशी मंडळींच्या लगेच ध्यानात आले, की हा क्रँक फोर्डच्या ठोकळ्यातही बसतो! काहींची तेवढ्यानेही तहान भागेना. त्यांनी क्रँकच्या पिना मध्याबाहेर घासून आणखी अष्टमांश इंच मिळवला, सिलिंडरांना तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंचांपर्यंत बोअर मारला आणि २३९ घनइंचांच्या इंजिनाचे सुमारे २९६ केले. म्हणजे जवळजवळ चौथाई वाढ. अर्थात त्याची किंमत होतीच. या इंजिनात जळलेल्या वायूच्या वाटा ठोकळ्यातूनच बाहेर पडत, त्यामुळे ते मुळातच तापट. त्यात भिंती पातळ केल्यावर तडे गेले, तर दोष कोणाला द्यायचा?

पण याच काळात दुसराही एक अमेरिकन माणूस होता, त्याला विसरून चालणार नाही. त्याला शर्यत जिंकायची नव्हती. सोमवारी सकाळी कामावर पोचायचे होते. अशांसाठी फोर्ड कंपनीने अदलाबदलीची सोय केली होती: झिजलेले इंजिन द्या, कारखान्यात नव्याने बांधलेले घ्या. पुढे टपालाने माल पाठवणाऱ्या मोठ्या दुकानांच्या सूचिपत्रांतही बांधून तयार इंजिने दिसू लागली. आपल्याकडे हीच गरज वेगळ्या रीतीने भागवली गेली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना १९२८ मध्ये निघाला. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. त्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या, की आपले मिस्त्री बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन घालीत. तो उद्योग वेगासाठी नव्हता. गाडी आणखी काही वर्षे चालावी, एवढ्यासाठी होता.

आता या कथेत झोरा आर्कस-डंटॉव्ह हा माणूस येतो. १९५३ मध्ये तो जनरल मोटर्समध्ये रुजू झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिले. त्याचा आशय असा: ही हौशी पोरे फोर्डवर वाढली आहेत, त्यांची मासिके फोर्डने भरलेली आहेत; शेव्हरोलेचे नवे इंजिन कितीही चांगले असले तरी ती आपणहून आपल्याकडे येणार नाहीत. तेव्हा कारखान्यानेच अभ्यासपूर्वक बनवलेले खास भाग त्यांना तयार मिळू द्यावेत. गॅरेजातील उचापती आणि कारखान्यातील शिस्त यांची सोयरीक जमवणारे हे टिपण मला फार महत्त्वाचे वाटते.

ते नवे इंजिन १९५५ च्या गाड्यांत आले. एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे इंजिन २६५ घनइंचांचे होते. पुढे ते १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७, १९६७ मध्ये ३५० आणि १९७० मध्ये ४०० घनइंचांचे झाले. पण बाहेरचा बांधा बहुतांशी तोच राहिला. शेवटच्या ४०० मध्ये एक उणीव होती. सिलिंडर इतके मोठे झाले, की शेजारच्या भिंती एकमेकींना चिकटल्या आणि मधून पाणी खेळायला जागा उरली नाही. उलट ३५० चे ठोकळे जुन्या बाजारात उदंड. मग कारागिरांनी हिशेब मांडला: ठोकळा ३५० चा घ्यावा, क्रँक ४०० चा. एकाची धाव ३.४८ इंच, दुसऱ्याची ३.७५. फरक पुन्हा पाव इंचाच्या आसपासच! बोअर इंचाच्या तीस सहस्रांशांनी वाढवला, की आकारमान होते ३८३ घनइंच. ‘तीनशे त्र्याऐंशी’ हे नाव तेव्हापासून हौशी लोकांच्या तोंडी बसले.

पण हे पाव इंच फुकट मिळत नाही. ४०० च्या क्रँकचे मुख्य जर्नल २.६५ इंचांचे आणि ३५० च्या ठोकळ्यातील जागा २.४५ इंचांची, म्हणून ते उतरवावे लागत. वाढलेली धाव निम्मी वर आणि निम्मी खाली जाते. वर गेलेला पिस्टन हेडवर आपटू नये, म्हणून एक तर रॉड आखूड हवा, नाही तर पिस्टनची पिन वर सरकवायला हवी. खाली फिरणारा रॉड ठोकळ्याच्या कडेला घासू नये, म्हणून तिथले लोखंड कोरावे लागते. मग सारे तोलून घ्यायचे. शिवाय पिस्टनही अधिक धावतो. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर ३५० चा पिस्टन सरासरी ३,४८० फूट धावतो, तर ३८३ चा ३,७५०. स्वस्तात मिळालेल्या क्रँकपायी पुढचा खर्च बघता बघता वाढतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

मग घ्यावे काय? गंमत अशी, की काळाने हा प्रश्नच थोडा पुसट करून टाकला. ३५० च्या ठोकळ्यात बसेल असा लांब धावेचा नवा क्रँक आता तयार मिळतो. इतकेच काय, पोरांनी शोधलेले ३८३ घनइंचांचे इंजिन जनरल मोटर्सने स्वतःच तयार विकायला काढले. एकेकाळची घरची भाजणी दुकानात पुडीबंद होऊन आली.

तरी निवड उरतेच. ती शक्तीची नाही, जबाबदारीची आहे. तयार शॉर्ट ब्लॉक घेणारा दुसऱ्याच्या मोजमापावर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासाची हमी कागदावर घेतो. मात्र त्या कागदात काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. स्ट्रोकर बांधणारा प्रत्येक बेअरिंगची फट स्वतः मोजतो आणि चूक झाली तर ती स्वतःच्या नावावर मांडतो. ज्याला गाडीवर रोजची भाकरी मिळवायची आहे, त्याने तयार इंजिन घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही. ज्याच्याजवळ खात्रीचा लेथवाला, वेळ आणि चूक सोसण्याची ऐपत आहे, त्याने खुशाल पाव इंचाच्या मागे लागावे.

मात्र दोघांनीही एकमेकांना हसू नये. कारखान्याने एका मापाचे हजारो भाग घडवले नसते, तर त्या पोरांना अदलाबदल सुचली नसती. आणि पोरांनी गॅरेजात हात काळे केले नसते, तर आणखी पाव इंचाला केवढे गिऱ्हाईक आहे, हे कारखान्याला इतक्या लवकर कळले नसते. यंदा चकलीचा घास घेताना, भाजणी कुठली असेना, एवढे आठवले तरी पुरे.