केशरोपण : विसरित केशविरलतेतील पात्रता

डोक्यावरील केस सर्वत्र विरळ झालेल्या व्यक्तीस केशरोपण (पहा : त्वचारोपण) लाभेल की नाही, हे ठरविण्याचे वैद्यकीय निकष. रोपलेला केस मूळ जागेचे गुणधर्म टिकवतो, हे दाता-प्राबल्याचे तत्त्व नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडले. त्यामुळे डोक्याच्या मागील बाजूचे केस दाट व स्थिर असणे ही मुख्य अट होय. तेही विरळ असल्यास रोपण सहसा टाळतात. लोहन्यूनता, अवटू-विकार (पहा : अवटू ग्रंथी), दीर्घ ताप वा बाळंतपण यांमुळे होणारी केसगळती बहुधा भरून येते, म्हणून ही कारणे आधी तपासतात. शस्त्रक्रियेच्या आघाताने लगतचे मूळ केसही गळू शकतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या सूचनांनुसार भारतात शल्यप्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच केशरोपण करणे अपेक्षित आहे.