वज्रेश्वरीच्या पायथ्याशी एक रात्र

माणसाने कर्ज ठेवून मरू नये, असे आमचे वडील नेहमी म्हणत. ते भिवंडीतल्या एका मागाच्या कारखान्यात मेहता होते. जमाखर्चाच्या वह्यांत त्यांचे आयुष्य गेले, त्यामुळे दमडीचेही देणे मागे राहू नये याची त्यांनी काळजी घेतली. तरीही आमच्या घरावर एक देणे राहिलेच. ते सावकाराचे नव्हते, वज्रेश्वरीचे होते.

१९५८ च्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. ब्राह्मण आळीतल्या आमच्या माजघरात मी अंथरुणाला खिळून होतो आणि पलीकडच्या मागांची खटखट दिवसभर डोक्यात आदळत होती. एका रात्री ताप उतरेना, तेव्हा आईने देवापुढे पदर पसरला. ‘पोर बरे झाले तर त्याला घेऊन तुझ्या पायाशी रात्रभर राहीन, पहाटे कुंडात न्हाऊ घालीन आणि तुझी ओटी भरीन.’ मी बरा झालो. पण नुसते दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतण्याइतका हा नवस सोपा नव्हता. रात्र काढायची म्हणजे घर सोडायचे! आधी आजीचे दुखणे आले, मग ताईचे लग्न, मग वडिलांचा दमा. चैत्र अमावास्येच्या यात्रेला आळीतले कोणीतरी निघाले की आई त्याच्या हाती नारळ देई. ‘आमचा एवढा वाहा हो, आणि म्हणावे, विसरले नाही.’ असे व्याज ती दरवर्षी भरत राहिली. मुद्दल तसेच राहिले, आणि आई गेली.

पंच्याहत्तरी गाठली तेव्हा मी मनाशी ठरवले, आता नाही तर कधीच नाही. नवरात्र उलटून आठवडा झाला होता. नातीला सोबत घेतले आणि भिवंडीच्या स्थानकावरून एस. टी. पकडली. गोदामांच्या रांगा संपल्या, अंबाडी मागे पडली आणि कापणीला आलेल्या भातखाचरांतून तानसेचा काठ दिसू लागला. वाटेत नात म्हणाली, ‘आजोबा, नवस पणजीने केला होता ना? मग तो तुम्ही फेडला तर तिचा फिटतो का?’

प्रश्न पोरीचा, पण मी इतिहासाचा विद्यार्थी. मला एकदम चिमाजीअप्पा आठवले.

वाचकहो, वज्रेश्वरीचे आजचे देऊळ उभे राहिले तेच एका नवसातून. देवीचे मूळ स्थान इथून सुमारे पाच मैल उत्तरेला, गुंज गावी. ते देऊळ पोर्तुगीजांनी पाडले आणि देवी वडवलीस आली, असे परंपरा सांगते. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर चढाई करून ठाणे घेतले, तेव्हा उत्तर कोकणातल्या या युद्धाला तोंड लागले. १७३९ च्या जानेवारीत तारापूर पडले, पण तिथे बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत वसईचा वेढा आवळला गेला. एका बाजूला जमीन आणि बाकी खाडी-समुद्र, असा तो किल्ला. सुरुंग लावावेत, ते कधी उडावेत, कधी आपल्याच माणसांवर उलटावेत. या धामधुमीत अप्पांची छावणी वडवलीच्या परिसरात पडली होती, आणि वसई हाती आली तर तुझे देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी देवीला केला, अशी कथा आहे. देवीने स्वप्नात येऊन वाट दाखवली असेही भाविक सांगतात. स्वप्नाची साक्ष इतिहास काढू शकत नाही. पण सेबॅस्टियन बुरुजाखालच्या सुरुंगांनी तट फोडला आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या, ही मात्र कागदोपत्री नोंदलेली गोष्ट आहे. त्या अटींत शिबंदीला मानाने बाहेर पडण्याची मोकळीक होती आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची हमी होती.

जय झाला, पण किंमत केवढी! मराठ्यांनी पाच हजारांवर माणसे मेली-जायबंदी झाली असे मान्य केल्याचे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. त्यांतल्या कितीजणांनी घरी निघताना काय काय बोलून ठेवले असेल! आणि खुद्द अप्पांना तरी किती दिवस मिळाले? एप्रिल १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले. देऊळ बांधण्याचे काम सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडे आले होते. बोलणारा एक, दगड रचून घेणारा दुसरा.

मी हे सारे नातीला सांगितले. ती म्हणाली, ‘म्हणजे चालते तर!’

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मंदागिरीच्या उतारावर देऊळ आहे, आणि त्याचा तट पाहिला की हे एका सेनापतीच्या मनातले देऊळ आहे हे सांगावे लागत नाही. पायथ्यापासून बावन्न पायऱ्या आहेत. मधल्या एका पायरीवर सोनेरी कासव आहे, त्याला नमस्कार करून वर चढायचे. दारावरचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला, तोही नवस फेडण्यासाठीच, असे सांगतात. गाभाऱ्यात वज्रेश्वरीशेजारी रेणुका आणि कालिका आहेत. डोंगरमाथ्यावर गोधडेबुवा नावाच्या गोसाव्यांची समाधी आहे.

रात्रीसाठी आम्ही पायथ्याच्या धर्मशाळेत खोली घेतली. एक सतरंजी, दोन उशा, कोपऱ्यात पाण्याची कळशी. आईच्या पेटीतली जुनी गोधडी मी मुद्दाम बरोबर नेली होती. नऊला आवराआवर झाली, दुकानांच्या फळ्या लागल्या, आणि ज्या शांततेसाठी आई आयुष्यभर थांबली ती माझ्या वाट्याला आली. झोप लागेना. नातही जागीच होती. मग मी तिला एक दूरदेशीची गोष्ट सांगितली.

माझ्या एका स्नेह्याचा मुलगा टोकियोत नोकरीला असतो. त्या शहराच्या पश्चिमेला मिताके नावाचा डोंगर आहे. ९२९ मीटर उंचीच्या माथ्यावर त्यांच्या शिंतो धर्माचे देऊळ आहे आणि वाटेवर पुजाऱ्यांची घरे आहेत. तिथल्या पुजाऱ्यांना ‘ओशी’ म्हणतात आणि यात्रेकरूंना उतरवून घेणाऱ्या त्यांच्या घरांना ‘शुकुबो’. हा मुलगा तिथे राहून आला. जमिनीवर अंथरूण, रानभाज्यांचे जेवण आणि सकाळी देवळात प्रार्थना. आता तारेने ओढली जाणारी गाडी डोंगर चढते, तरी मुक्कामाची रीत मोडलेली नाही. पूर्वी गावोगाव या देवाच्या मंडळ्या असत. त्यांना ‘को’ म्हणत. सगळ्या गावाला डोंगर चढणे कुठून परवडणार? म्हणून वर्गणी जमवायची, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचे नाव निघेल त्याने सर्वांच्या वतीने जायचे. तो ठरलेल्या ओशीच्या घरी उतरे आणि परतताना प्रत्येक घरासाठी लांडग्याचे चित्र असलेला ताईत-कागद आणी. तो दारावर लावला की चोर आणि आग दूर राहतात, अशी श्रद्धा.

ऐकताना मला ते परके वाटले नव्हते. आपले नाशिक-त्र्यंबकचे क्षेत्रोपाध्ये तरी निराळे काय करीत? यजमानाला घरी उतरवून घ्यायचे, जेवू घालायचे, वहीत त्याच्या पणजोबाचे नाव काढून दाखवायचे. आणि पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला ‘आमचाही नमस्कार सांगा’ म्हणणारा माणूस कोणत्या गावात नाही? आईचा नारळही असाच आळीतल्या हातांनी बावन्न पायऱ्या चढत होता. आपण उगीच समजतो की देवाकडे माणूस एकटा जातो.

‘पण मग पणजीला स्वतःला रात्र का काढायची होती?’ नातीने अंधारात विचारले.

याचे उत्तर मला इतकी वर्षे सुचले नव्हते. त्या कठीण जमिनीवर कूस बदलताना सुचले. घरात आई सगळ्यांच्या नंतर निजे आणि सगळ्यांच्या आधी उठे. उभ्या जन्मात एक रात्र तिने स्वतःसाठी मागून घेतली होती, आणि तीही माझ्या नावाने, देवीच्या आडून. ती एवढी एक रात्र आम्ही तिला देऊ शकलो नाही. आजी, ताई, वडील ही कारणे खरी होती. पण पुढे मी मिळवता झालो, तेव्हाही मला वेळ मिळाला नाही. हे मी नातीला सांगितले नाही, पण ते इथे लिहून ठेवतो.

पहाटे अकलोलीच्या कुंडावर गेलो. तानसेच्या काठाने इथपासून गणेशपुरीपर्यंत ऊन पाण्याचे झरे आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांचे ते रक्त, असे जुने लोक सांगत. भूगर्भाचे अभ्यासक सांगतात की पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. गंधकाचा दर्प आणि धुक्यात मिसळणारी वाफ. मी हळूहळू पायरी उतरलो. पाण्याचा पहिला चटका अंगाला बसला आणि नरकचतुर्दशीला तेल चोळून कढत पाणी ओतणारे आईचे हात मला आठवले.

ओटी मात्र मला भरता येईना, ते बायकांचे काम. ती नातीने भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळे तिने आदल्या दिवशीच भिवंडीच्या बाजारातून नीट मागून घेतले होते. नवस केला आईने, रात्र काढली मी, ओटी भरली तिच्या पणतीने. पुजाऱ्यांनी विचारले, ‘कोणाच्या नावाने?’ नातीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने स्पष्ट आवाजात आईचे नाव सांगितले.