डोळा असलेली बंदूक

ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीजवळच्या पलावातल्या मॉलचा गेम झोन. कार्ड स्वाइप झालं की भल्यामोठ्या पडद्यावर परग्रहावरचे प्राणी अंगावर धावून येतात आणि दोन मुलं वायरीने बांधलेल्या प्लास्टिकच्या बंदुका उचलतात. खटका दाबला की हाताला हादरा बसतो, समोरचा प्राणी फुटतो. बंदुकीतून मात्र काहीच बाहेर पडलेलं नसतं. ती मारत नाही, बघते. तिच्या नळीत डोळा आहे, आणि हा डोळा तिथे आला कसा हीच या खेळाची कुळकथा.

मूळ पुरुष जत्रेतला: फळीवर लावलेले फुगे आणि छऱ्यांची बंदूक. 1936 साली शिकागोच्या सीबर्ग कंपनीने, जी ज्यूकबॉक्ससाठी ओळखली जायची, छऱ्याची जागा उजेडाला दिली. तिच्या ‘रे-ओ-लाइट’ यंत्रात बंदूक प्रकाशाची तिरीप सोडायची आणि खोट्या बदकात बसवलेली प्रकाशसंवेदी नळी ती टिपायची. डोळा तेव्हा सावजाकडे होता.

जपानमध्येही सुरुवात तशीच झाली. शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा सौरघट विकायला निन्टेंडोकडे गेले, तर तिथल्या गुनपेई योकोई यांना त्या घटात खेळण्यातलं लक्ष्य दिसलं. 1970 मध्ये निन्टेंडोची प्रकाशबंदूक बाजारात आली. 1973 मध्ये कंपनीने ओस पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये नेमबाजी सुरू केली. त्याच वर्षीच्या तेलटंचाईने ती बुडवली.

टीव्हीने मात्र पेच टाकला. काचेवरच्या चित्रात सौरघट बसवणार कुठे? म्हणून डोळा बंदुकीत आला आणि उजेड सोडण्याचं काम पडद्याकडे गेलं. 1972 च्या मॅग्नावॉक्स ओडिसी या टीव्ही गेमची रायफल अशीच होती, पण ती खोलीतल्या दिव्याकडे रोखली तरी नेम लागायचा. 1984 च्या ‘डक हंट’ या बदकं टिपण्याच्या टीव्ही गेममध्ये ही पळवाट बंद झाली. खटका दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळं, मग पांढरं दिसलं तरच बदक पडतं. दिवा काळा होत नाही, त्यामुळे फसवाफसवी संपली. इतक्या स्वस्त भागांतून इतकी पक्की युक्ती निघावी, याला खरोखर दाद द्यायला हवी.

नव्वदच्या दशकात ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकले जाणारे टीव्ही गेम आपल्याकडे घरोघरी आले. कित्येक संचांत बंदूकही असायची. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये टीव्हीपासून लांब उभं राहायला जागा कुठली! मुलं नळी थेट काचेला टेकवायची, म्हणजे चुकण्याचा प्रश्नच नाही.

परग्रहवासीयांच्या स्वारीला या बंदुकीचं सर्वांत गाजलेलं रूप दिलं ते 1995 च्या ‘एरिया 51’ने. नेवाडाच्या वाळवंटातला अमेरिकी लष्करी तळ परक्यांनी बळकावलाय आणि तो परत मिळवायचा, एवढीच कथा. चित्रं थेट हार्ड डिस्कवरून येत, म्हणून दृश्यं सिनेमासारखी वाटायची. चुकून साथीदाराला गोळी लागली तर आपलाच एक जीव जातो. पण सुरुवातीलाच, दुसऱ्या कशालाही धक्का न लावता, तीन साथीदार टिपले तर खेळाडू स्वतःच परग्रहवासी होऊन लढू लागतो.

या पिढीच्या यंत्रांत डोळा आणखी तल्लख झाला. जुन्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ रंगवत सेकंदाला साधारण साठदा पडदा भरतो. झोत नळीसमोरून नेमका कधी गेला एवढं बंदूक सांगते. त्या वेळेवरून नेम कुठे होता हे यंत्र ठरवतं. नळी पडद्याबाहेर वळवली तर झोत दिसतच नाही, आणि या न दिसण्याचाही उपयोग केला गेला: पडद्याबाहेर गोळी झाडली की बंदूक भरली.

सपाट टीव्ही आले, झोत गेला, आणि माळ्यावरची ‘डक हंट’ची बंदूक निकामी झाली. त्या टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्यात तिची वेळ चुकते. मॉलमधल्या नव्या यंत्रांत बहुधा पडद्याभोवती डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात आणि बंदुकीतला डोळा त्यांच्या जागेवरून आपली दिशा ओळखतो. झोत उरला नाही, तरी पडद्याबाहेर झाडून बंदूक भरण्याची रीत अनेक खेळांत टिकली आहे.