सातबारा, फेरफार आणि वारसा : वावराचा मालक नेमका कोण?

सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे जमीन आपली झाली, असं आपल्याकडे सर्रास समजतात. खरं तर सातबारा हा महसुलाचा कागद आहे. गाव नमुना 7 मध्ये कब्जेदार आणि हक्क असतात, नमुना 12 मध्ये पिकं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 157 एवढंच सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत ही नोंद खरी धरावी. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही अनेकदा स्पष्ट केलंय.

काही देशांत वेगळी पद्धत आहे. रॉबर्ट टॉरेन्स यांनी 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात आणलेल्या कायद्यानुसार सरकारच मालकीची हमी घेतं. आपल्याकडे रजिस्ट्री ऑफिसात नोंद होते ती दस्ताची. विकणारा खरा मालक होता का, हे घेणाऱ्यानेच जुने फेरफार काढून तपासायचं असतं.

आपला जिल्हा वऱ्हाडातला. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पुढे इथे मुंबईसारखी रयतवारी आली. म्हणजे शेतकऱ्याचा हिशोब थेट सरकारशी. वर्धा नदीपलीकडे चांदा-नागपूरकडे मात्र मालगुजारी होती. म्हणून दोन्हीकडचे जुने कागद सारखे दिसत नाहीत. (मौजे, तहसील, हक्क, दस्त हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले, उर्दू वाचणाऱ्यांना ओळखीचेच.)

सातबारा हातात घेतला की आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग 1 ची जमीन साधारणपणे मोकळेपणाने विकता येते, वर्ग 2 ला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. झरी जामणी, केळापूर, मारेगावकडे आदिवासी खातेदार बरेच आहेत. त्यांची जमीन बिगर-आदिवासीने परवानगीशिवाय घेतली तर कलम 36 आणि 36-अ आड येतं आणि व्यवहार रद्द होऊ शकतो. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, वक्फ अशा नोंदी असतात. वक्फची जमीन मुतवल्लीच्या घरात वारशाने जात नाही, तो फक्त व्यवस्थापक असतो.

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथे होतात, ती वारस नोंद. मुस्लिम कायद्यात जन्मतः हिस्सा मिळत नाही. वडील हयात असेपर्यंत मालक तेच. त्यांच्या इंतकालनंतर दफनविधीचा खर्च, कर्ज (बाकी मेहरही कर्जच) आणि वसीयत वजा करून उरलेल्यात वारसांचे हिस्से पडतात. समजा आठ एकर वावर आहे, मागे पत्नी, दोन मुलं आणि एक मुलगी, आणि मयताचे आईवडील हयात नाहीत. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे 1 एकर. उरलेल्या 7 एकरांचे पाच भाग : प्रत्येक मुलाला 2 एकर 32 गुंठे, मुलीला 1 एकर 16 गुंठे.

हे सगळ्यांना पाठ असतं, पण तलाठ्याकडे अर्ज जातो तो बहुतेक वेळा दोन भावांच्याच नावाने. "लग्नात एवढा खर्च केला ना" हे कारण शरियतमध्येही नाही आणि कायद्यातही नाही. बहिणीला स्वखुशीने हिस्सा सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, साध्या कागदावरची सही चालत नाही. आणि वडील हयात असताना लिहून घेतलेल्या हक्कसोडीला सहसा अर्थ नसतो, कारण तोवर तिचा हक्क सुरूच झालेला नसतो.

नोंदीची पद्धत सोपी आहे. मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं देऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. नोटीस निघते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. नाव गाळलं गेलं असेल तर त्या मुदतीतच लेखी हरकत द्या. पुढे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील आहे, त्याची मुदत 60 दिवस.

एक मुलगा वडिलांआधी वारला आणि दुसरा हयात असेल, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या जमिनीत वारसा मिळत नाही. त्यांची सोय आजोबांनीच हयातीत करायला हवी. वसीयतीने एक तृतीयांशपर्यंत देता येतं, हिब्याने कितीही. हिबा तोंडीही वैध आहे. देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि कब्जा देणं या तिन्ही गोष्टी मात्र झाल्या पाहिजेत. लेकरं अज्ञान असतील तर बाप नसल्याने सहसा आजोबाच त्यांचे पालक असतात, तेव्हा वेगळा कब्जा द्यावा लागत नाही. तोंडी हिबा वर्षांनंतर कोर्टात सिद्ध करणं फार अवघड जातं, म्हणून तो लिहून रजिस्टर केलेला बरा.

गावठाणातल्या घराचं वेगळं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावची झाली असेल तर पत्रिकेवर अजून दादांचंच नाव आहे का आणि अम्मीचं, बहिणींचं नाव आलंय का, ते बघून घ्या.