तळटीप : दाइकोकूचा वाहनतळ

लेखक जिथे मध्यरात्रीपर्यंत रमतो ते ‘दाइकोकू’ म्हणजे योकोहामा बंदरात भराव घालून केलेल्या बेटावरचा वाहनतळ. शुतो द्रुतगती मार्गाच्या पुलांच्या वेटोळ्यात तो बसला आहे. प्रवाशांनी घटकाभर थांबावं, काही खावं-प्यावं, एवढ्यासाठीच बांधलेला. गाडीवेड्यांचा मेळा तिथे आपसूक भरू लागला. ना तिकीट, ना आमंत्रण.

तिथे पायी जाता येत नाही, वाट फक्त द्रुतगती मार्गावरून. म्हणून परदेशी पाहुणा एक तर कुणा जपानी दोस्ताच्या शेजारी बसतो, नाहीतर गाडी भाड्याने घेतो. भारतीयांना दुसरा पर्याय जमण्याजोगा आहे: १९४९च्या जिनिव्हा करारानुसार आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, आणि तिथेही गाड्या डावीकडूनच धावतात.

निसान स्कायलाइन जीटी-आरवरून लेखकाची नजर हटत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण ६६० सीसीपर्यंतच्या, पिवळ्या नंबरपाटीच्या चिमुकल्या ‘केई’ गाड्याही तिथे तितक्याच हौसेने सजवून आणतात. त्यांच्याबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही.

गर्दी वाढली की पोलीस ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना निघायला सांगतात आणि वाहनतळ बंद करतात. शनिवार-रविवारी हे पुष्कळदा घडतं, तेव्हा लेखकाची ती शनिवारची रात्र नशिबाचीच म्हणायची.