पस्तीस वर्षं टिकलेला विक्रम आणि एक बिननावाचा माणूस

४,७१,७६,८७०. हा आकडा बजेटमधला नाही, घोटाळ्याचा तर नाहीच. पाच अवस्थांचं एक ट्युरिंग यंत्र कोऱ्या पट्टीवर एवढी पावलं चालतं आणि थांबतं. त्याहून जास्त चालून थांबणारं पाच अवस्थांचं दुसरं यंत्र असूच शकत नाही, हे जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं. ते कोणी सिद्ध केलं, यासाठी हा इतिहास सांगावासा वाटतोय.

ट्युरिंग यंत्र म्हणजे कागदावरचा संगणक. न संपणारी पट्टी, तिच्यावर ० किंवा १ लिहायची घरं आणि नियमांचा छोटासा तक्ता. एक घर वाचायचं, त्यात लिहायचं, डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं, अवस्था बदलायची. बस्स. काही यंत्रं थांबतात, काही कायम फिरत राहतात. कुठलं थांबेल हे सरसकट सांगणारी पद्धत असू शकत नाही, हा निष्कर्ष अ‍ॅलन ट्युरिंगच्या १९३६ च्या कामातून निघाला.

१९६२ मध्ये ओहायोतल्या टिबोर राडो यांनी याचा खेळ मांडला: अमुक इतक्या अवस्था दिल्या, तर थांबणाऱ्या यंत्रांत सर्वांत कष्टाळू कोण? नाव दिलं 'बिझी बीव्हर'. (आपल्याकडे मुंगी म्हटलं असतं.) हे राडो मूळचे हंगेरीचे, स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात रशियनांच्या हाती लागले आणि सायबेरियातल्या कैद्यांच्या छावणीत एडुआर्ड हेली या गणितज्ञाकडून गणित शिकले.

तीन अवस्थांचं उत्तर २१ पावलं, चारचं १०७. पाचला गाडी अडली. १९८३ मध्ये डॉर्टमुंडला स्पर्धा झाली, तेव्हाचा विक्रम १,३४,४६७. पुढच्याच वर्षी २१,३३,४९२. मग १९८९ मध्ये मार्क्सेन आणि बुंट्रॉक यांना ४,७१,७६,८७० वालं यंत्र सापडलं. पण सापडणं वेगळं आणि याच्यापुढे कोणी नाही हे ठरवणं वेगळं. पाच अवस्थांची यंत्रं सुमारे १७ लाख कोटी! न थांबणाऱ्या प्रत्येकाबद्दल ते का थांबणार नाही, हे दाखवावं लागतं. गिऑर्गी गिऑर्गिएव्ह यांनी २००३ मध्ये यादी चाळत ४३ हट्टी यंत्रांवर आणली. त्यातलं एक शेवटी ठरावीक चक्रात अडकतं खरं, पण १ वर ५१ शून्यं एवढ्या पावलांच्याही पुढे.

२०२२ मध्ये त्रिस्ताँ स्तेरँ यांनी हे काम सगळ्यांसाठी खुलं केलं. पदवी, पद, संस्था कोणी विचारली नाही. हौशी लोक आले, एकमेकांच्या चुका काढत राहिले. संपूर्ण पुरावा 'कॉक' या तपासनीस प्रणालीत बसवला तो 'एमएक्सडीवायएस' या टोपणनावाच्या कोणीतरी. खरं नाव जाहीर नाही. आपल्याकडे साधा अर्ज द्यायचा तर आधी ओळखपत्राची झेरॉक्स लागते. इथे साठ वर्षांचा प्रश्न निनावी माणसानं सोडवला आणि तो मान्य झाला, कारण पुराव्याची प्रत्येक पायरी कोणालाही यंत्रावर तपासून घेता येते. अधिकारानं दबून मान डोलावण्यापेक्षा मला हा विश्वास जास्त पक्का वाटतो.

आता सहा अवस्थांवर झटापट चालू आहे. तिथल्या 'अँटिहायड्रा' यंत्राचा हिशोब शाळेतल्या पोरालाही कळेल: ८ पासून सुरू करा, दरवेळी संख्येत तिची निम्मी मिळवा, अर्धा उरला तर सोडा. ८, १२, १८, २७, ४०, ६०... विषम संख्या समसंख्यांच्या दुपटीहून जास्त झाल्या, तरच यंत्र थांबेल. तसं कधी होईल का, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.